साउथवेलचं वर्कहाऊस, क्यूचे कागद आणि एका निवृत्त कारकुनाचे शेरे

निवृत्तीआधीची सहा वर्षं मी तहसील कचेरीत निराधारचं टेबल सांभाळलं. संजय गांधी, श्रावणबाळ, हयातीचे दाखले, त्रुटींची पत्रं. त्यामुळे नॉटिंगहॅमला राहणारी लेक म्हणाली, ‘बाबा, इथून जवळच गरिबांना ठेवायचं जुनं घर आहे, दाखवू का?’ तेव्हा राणीच्या राजवाड्यापेक्षा मला त्यातच रस वाटला. साउथवेलचं वर्कहाऊस, लंडनच्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं (एलएसई) ग्रंथालय, अशी तीन ठिकाणं झाली. याच क्रमाने जा असं मी सांगेन. आधी इमारत पाहिली की मग कागद वाचताना भिंती दिसतात.

साउथवेलला रेल्वे नाही. नॉटिंगहॅमहून बस आहे, तासाभरात पोचवते. वर्कहाऊस गावाबाहेर आहे, थोडं चालावं लागतं. आता ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि वर्षभर रोज उघडं नसतं, म्हणून दिवस बघूनच निघा. आत जिने फार आहेत, गुडघ्यांचा अंदाज घ्या.

लाल विटांची तीन मजली इमारत १८२४ची, म्हणजे गरिबांना मदत कशी द्यायची ते ठरवणाऱ्या १८३४च्या गरीब कायद्याच्या दहा वर्षं आधीची. बेचर नावाच्या पाद्र्याने ती उभी केली. याच गावात गरीब मदतीचं काम पाहिलेले जॉर्ज निकोल्स पुढे नव्या कायद्याच्या तीन आयुक्तांपैकी एक झाले. म्हणजे गावातला प्रयोग देशाचा नियम झाला. नियम असा, की आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्याहून बरं असता कामा नये. मग ज्याची खरी अडचण आहे तोच दार वाजवेल.

मधोमध अधीक्षकाच्या खोल्या. तिथल्या खिडकीत उभं राहिलं की वेगवेगळी अंगणं दिसतात आणि त्यांच्यामधल्या उंच भिंतीही. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. त्यातही धडधाकट वेगळे आणि म्हातारे-आजारी वेगळे. नवरा-बायको एकाच छपराखाली, पण जिने निराळे. बऱ्याच खोल्या रिकाम्याच ठेवल्यात, ते बरं केलंय. पुतळे आणि मेणाच्या भाकऱ्या मांडल्या असत्या तर बघून पुढे गेलो असतो. एका खोलीत मात्र १९७०च्या दशकातला संसार मांडलाय, कारण बेघर आयांना मुलांसह तेव्हापर्यंत इथेच ठेवत.

वर्कहाऊसांतली ठरलेली कामं म्हणजे दगड फोडणं आणि जहाजांचे डांबरट दोर बोटांनी उसवणं. दगडांचं ऐकताना मला आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. ‘काम कठीण ठेवा, म्हणजे गरजूच येईल’ हा विचार आपल्याकडे दुष्काळी कामांच्या नियमांतून आला. १८७७च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने मजुरी इतकी खाली आणली, की पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध निवेदनांवर निवेदनं पाठवली. ती निवेदनं आणि सरकारी अहवाल शेजारी ठेवून वाचा, म्हणजे इंग्लंडचे कागद वाचायची सवय घरबसल्याच लागेल.

क्यूला जायला डिस्ट्रिक्ट लाइन आहे, स्टेशन क्यू गार्डन्स. मूळ कागद हातात हवे असतील तर वाचकाचं कार्ड लागतं, ते फुकट आहे. नावाचा एक पुरावा आणि पत्त्याचा दुसरा. आयुष्यभर लोकांचे अर्ज ‘पत्त्याचा पुरावा जोडलेला नाही’ म्हणून परत केले आणि मीच फक्त पासपोर्ट घेऊन गेलो! लेक हसत होती. पहिला दिवस चहा आणि बागेत गेला. दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट नेलं. पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढता येतात. रविवारी आणि सोमवारी बंद असतं. आणि ज्या कागदांची डिजिटल प्रत आहे त्यांचं मूळ सहसा देत नाहीत, म्हणून आधी ऑनलाइन सूची चाळा. साउथवेलची बरीच पत्रं तशी निघतात.

तिथली एमएच १२ ही मालिका म्हणजे कारकुनाचा स्वर्ग. १८३४पासून गावोगावच्या गरीब मंडळांनी, म्हणजे गरीब कायद्याची मदत देणाऱ्या स्थानिक मंडळांनी, लंडनला लिहिलेली पत्रं, सोळा हजारांवर बाडं. आलेल्या पत्रावरच उत्तराचा मसुदा, खाली आद्याक्षरं, मग दुसऱ्या हाताची खोडाखोड. आपल्याकडे याला टिपणी आणि शेरा म्हणतात. नवख्याने पत्राचा मजकूर नंतर वाचावा, आधी शेरा वाचावा. आणि एक लक्षात ठेवा, मंडळ लंडनला लिहितं ते मंजुरी हवी असते किंवा तक्रार वर गेलेली असते तेव्हा. एखादं वर्ष कोरडं दिसलं म्हणजे गावात सुख होतं असं नाही.

गरिबाचा स्वतःचा आवाज हवा असेल तर संसदीय चौकश्यांच्या साक्षी काढा. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं दळायला दिलेली माणसं भुकेने तीच हाडं चोखत होती. त्या प्रकरणाची १८४६ची साक्ष छापील आहे. प्रश्नोत्तरांत फक्त उत्तर उचलू नका, प्रश्न कसा घातलाय तेही उतरवून घ्या. अर्धं उत्तर प्रश्नातच असतं. याउलट १८३४च्या कायद्याला आधार असलेला आयोगाचा अहवाल. प्रश्नावल्यांना उत्तरं आली ती सुमारे दहा टक्के पॅरिशांची (पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेला गावगाडा), आणि निष्कर्ष बराचसा आधीच ठरला होता, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. मला नवल वाटलं नाही. वर्कहाऊसबाहेर मदत देणं थांबावं असा कायद्याचा रोख, पण पुढेही बहुतेक गरिबांना मदत घरीच मिळत राहिली. वरून आलेलं परिपत्रक गावात कसं जिरतं ते मी पाहिलंय.

एलएसई होबर्न स्टेशनजवळ. बाबासाहेब इथेच शिकले, त्या ओढीनेही मराठी माणूस येतोच. इथे लंडनच्या गरिबीचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स बूथच्या पाहणीच्या वह्या आहेत. १८८६पासून पुढे त्याच्या माणसांनी लंडन पिंजून काढलं आणि ३०.७ टक्के लोक गरिबीत आहेत असं मांडलं. नकाशात गल्ल्यांना रंग दिले, श्रीमंतांना पिवळा, अगदी तळाच्यांना काळा. काळ्याच्या सूचीत ‘दुर्गुणी’ आणि ‘अर्धगुन्हेगार’ हे शब्दही आहेत. नंतरच्या फेरीत रस्ते पाहताना सोबत हवालदार होता हे कळलं, की शब्द कुठून आला असावा याचा अंदाज येतो. वह्या नि नकाशे ऑनलाइन मोफत आहेत. मूळ वह्या पाहायच्या तर आधी वेळ ठरवा.

यॉर्कला जायचं राहिलं. तिथल्या गरिबीची पाहणी करणाऱ्या राऊंट्रीचं पुस्तक तेवढं वाचलं. १८९९ची पाहणी, २७.८४ टक्के गरीब. त्याने पाच जणांच्या घराला जेमतेम जगायला किती लागतं याचा हिशेब मांडला, आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. त्यात ताजं मांस नाही, बसचं भाडं नाही, वर्तमानपत्र नाही, परगावच्या मुलाला पत्र टाकायला तिकीटही नाही. जेवण तर वर्कहाऊसपेक्षाही काटेकोर. हा आकडा मुद्दाम कमी धरलेला आहे, गरीब उधळे आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून.

शेवटी १९०८चा वृद्ध पेन्शन कायदा. सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, १ जानेवारी १९०९पासून, पोस्टातून. गरीब मंडळापुढे उभं राहणं नाही. वयाच्या दाखल्याचा घोळ तिथेही झाला. आयर्लंडमध्ये सर्वांची जन्मनोंद १८६४पासूनची, मग म्हाताऱ्यांची वयं जुन्या जनगणनेत शोधायची. पण मी अडकलो ते एका अटीपाशी. १ जानेवारी १९०८नंतर गरीब कायद्याची मदत घेतली असेल तर अर्ज बाद. म्हणजे सगळ्यात गरजू तोच अपात्र. अट १९१०च्या अखेरपर्यंत टिकली. त्या काळात परत गेलेल्या अर्जांवर काय शेरे पडले ते बघायला पुढच्या खेपेला पुन्हा क्यू. पत्त्याचा पुरावा आत्ताच पासपोर्टच्या पाकिटात घालून ठेवलाय.