मरून टॉवेल आणि स्टॉलचे दिवे

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी होम मैदानावरच्या प्रदर्शनात आम्ही पहिल्यांदा स्टॉल घेतला. ३ बाय ३ मीटरची जागा, एक प्लग आणि तीन पांढरेफटक दिवे. हुबळीच्या एका व्यापाऱ्यांनी मरून टॉवेल उचलला, मांडवाबाहेर उन्हात नेला आणि परत आणून म्हणाले, "आत तपकिरी दिसतो, बाहेर मरून. माल नक्की कोणता येणार?" भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टॉवेल, आणि रंगावरून शंका! अण्णांना ते फार लागलं. ऑर्डरही गेली.

यंदा महिनाभर आधी कारखान्यातच भिंतीपासून सुतळी ताणून स्टॉलचं माप आखलं. आमचे वायरमन मामा चार प्रकारचे दिवे घेऊन आले. दोष कुठे होता ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. स्वस्त एलईडीत गडद लाल रंगाचा प्रकाश फार कमी असतो, म्हणून मरून मळकट दिसतो. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा; तो ९०च्या वर असलेले दिवे घेतले. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: ६५०० केल्विनच्या उजेडात पांढरा टॉवेल निळसर दिसत होता, ३०००मध्ये पिवळट. ४०००वर सगळ्यांचं एकमत झालं.

खरा वेळ गेला तो दिवा कुठे टांगायचा यात. समोरून सरळ उजेड पाडला की टेरीचे लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्यांचे उभे फास, दिसतच नाहीत, टॉवेल कागदासारखा सपाट वाटतो. मामांनी दिवा भिंतीपासून वीतभर अंतरावर, वरून खाली झोत जाईल असा धरला, आणि प्रत्येक लुपाची बारीक सावली पडली. जाडी हात न लावता कळत होती! अण्णा दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिले. मात्र असा उजेड चुकलेला धागाही लपवत नाही, म्हणून त्या भिंतीवर लावायचा माल मी दोनदा तपासला.

मागच्या भिंतीवर चादरी होत्या. जेकार्डचं, म्हणजे विणतानाच कापडात उमटवलेलं, मोराचं डिझाइन सपाट असतं, त्याला भिंतीला घासून जाणारा झोत नको. अडीच मीटर उंचीवरचा दिवा दीड मीटरवरच्या मोरावर उभ्या रेषेपासून ३० अंशांतून पाडायचा तर दिव्यांची पट्टी भिंतीपासून सुमारे ६० सेंटिमीटर पुढे यावी लागते. तेवढ्या अंतरावरून ३६ अंशांच्या झोताचा गोल साधारण पाऊण मीटरचा पडतो, म्हणजे तीन मीटरच्या भिंतीला चार दिवे. गिऱ्हाईक पुढे उभं राहिलं तरी त्याची सावली मालावर येत नाही, आणि दिवा त्याच्या डोळ्यांतही जात नाही.

एक दिवा टेबलावर. लोक टॉवेल चिमटीत धरून बघतात ते तिथेच. हल्ली व्यापारी तिथूनच व्हिडिओ कॉल करून दुकानातल्या भावाला रंग दाखवतात. आधी आणलेल्या एका दिव्याचे मोबाईलवर काळे पट्टे सरकत होते, तो बदलला.

विजेचं गणित सोपं निघालं: २० वॅटचे आठ दिवे, १६० वॅट. पूर्वी अण्णा ५०० वॅटचा हॅलोजन लावायचे. एकाच दिव्याला एवढी वीज, वर त्याच्या तापाने जवळ बसवत नसे.

पहिल्याच दिवशी हुबळीचे तेच व्यापारी आले. मरून टॉवेल उन्हात नेला, परत आणून टेबलावर ठेवला आणि डझनाचा भाव विचारला. अण्णांनी आधी चहा सांगितला.

डावी भिंत मात्र बिघडली. शेजारच्या स्टॉलचा निळसर उजेड आमच्या टॉवेलांच्या कडांवर येत होता. संध्याकाळी गडद रंग उजव्या भिंतीवर हलवले आणि त्या कडेला वरून हातभर काळं कापड सोडलं, तेव्हा जमलं. पुढच्या वेळी ते कापड घरूनच शिवून नेणार आहे.