कढई, सूप आणि १८ ग्रॅम

घरी एस्प्रेसो यंत्र, म्हणजे गरम पाणी दाबाने पुडीतून ढकलून कॉफी काढणारे यंत्र, आले, तेव्हा बिघडलेल्या प्रत्येक कपाचे खापर मी ग्राइंडरवर फोडत असे. काल धार भसकन आली म्हणून आज दळण बारीक, आज थेंब थेंब पडले म्हणून उद्या पुन्हा जाड, असा प्रकार जवळजवळ चार महिने चालला. कॉफी मात्र एकाच वेळी आंबटही लागे आणि करपटही, आणि या दोन चवी एकत्र कशा नांदतात हे काही उमगत नव्हते. चिकमगळूरकडचे एस. ७९५ जातीचे कच्चे दाणे मागवून ते लोखंडी कढईत भाजण्याचा उद्योगही मी त्याच सुमारास सुरू केल्यामुळे दोष यंत्राचा, दळणाचा की भाजणीचा, हे ओळखण्याची वाट मी स्वतःच बुजवून टाकली होती.

भाजणीचा उलगडा सासूबाईंमुळे झाला. एका रविवारी दाणे सहाव्या मिनिटालाच तडतडू लागले आणि स्वयंपाकघर धुराने भरले, तेव्हा त्या आत डोकावून म्हणाल्या, "अगं, शेंगदाणे कधी एवढ्या आचेवर भाजतेस का? वरून काळे होतील आणि आत कच्चे राहतील." मी एक दाणा गार करून बत्त्याने फोडला. बाहेरून तो गडद तपकिरी होता आणि आत फिकट, जवळजवळ गव्हाच्या रंगाचा. करपटपणा वरच्या थराचा आणि आंबटपणा गाभ्याचा, असा तो हिशेब होता, आणि ग्राइंडर कितीही फिरवला तरी तो सुटणार नव्हता.

त्यानंतर मी मंद ते मध्यम आच धरली, एका वेळी २०० ग्रॅमच दाणे घेतले आणि उलथने क्षणभरही थांबू दिले नाही. पहिल्या काही मिनिटांत ओल्या गवतासारखा वास येतो, मग दाणे पिवळे पडून भाजक्या पावासारखा दरवळ सुटतो, आणि साधारण नवव्या मिनिटाला लाह्या फुटाव्यात तसा पहिला तडतडाट सुरू होतो. तेथून पुढे सुमारे अडीच मिनिटांनी मी गॅस बंद करते. त्याहून उशीर झाला की दुसरा, अधिक बारीक चुरचुरता आवाज जवळ येतो, दाण्यावर तेल दिसू लागते आणि मूळची चव भाजणीच्या कडवटपणाखाली दबते. कढईत उष्णतामापकाचा फारसा भरवसा धरता येत नाही, म्हणून मी भाजल्यानंतरचे वजन करते. सुरुवातीच्या काळात २०० ग्रॅमचे कधी १७६, तर कधी १६४ ग्रॅम उरत; आता १७० च्या आसपास, म्हणजे सुमारे १५ टक्के घट येते. पावसाळ्यात दाणे थोडे दमट असतात, तेव्हा मिनिटभर जास्त लागते. गरम दाणे लगेच गार केले नाहीत तर ते आपल्याच उष्णतेने पुढे भाजत राहतात. त्यावर पंख्याखाली सूप घेऊन पाखडण्याइतका चांगला उपाय मला सापडलेला नाही. दाणेही गार होतात आणि कोंडाही उडून जातो. (तो कोंडा घरभर पसरतो, ही तक्रार आमच्याकडे अजून मिटलेली नाही.)

ताज्या भाजणीचा मोहही मला नडला. त्याच संध्याकाळी काढलेल्या शॉटवर, म्हणजे एका वेळच्या एस्प्रेसोवर, अर्धा कप फेस येई, तो पाहून मी हरखून जाई आणि दोन घोटांतच तोंड वाकडे होई. नुकत्याच भाजलेल्या दाण्यांत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. तो दाबाखाली एकदम सुटतो आणि पाण्याला कॉफीत नीट मुरू देत नाही. आता मी डब्यावर भाजल्याची तारीख लिहिते आणि आठवडाभर त्याला हात लावत नाही.

तरीही वेगवेगळ्या डब्यांतल्या कॉफीचे सलग दोन शॉट कधी २२ तर कधी ३५ सेकंदांचे येत, कारण मी कॉफी चमच्याने मोजत होते. छोटा, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणल्यावर कळले की मध्यम भाजणीच्या दाण्यांचा जो चमचा १८.४ ग्रॅम भरतो, तोच गडद भाजणीचा १६.९ भरतो. जास्त भाजलेला दाणा फुगतो आणि हलका होतो. वजन घटले की बास्केटमधली, म्हणजे पूड भरायच्या जाळीदार वाटीतली, कॉफीची चकती पातळ होते, पाण्याला विरोध कमी होतो आणि धार पळते. भाजणी बदलून माप तेच ठेवल्यावर मी दर वेळी वेगळीच कॉफी दळत होते, आणि दोष मात्र दळणाला देत होते.

आता बास्केटमध्ये १८ ग्रॅम आणि कपात ३६ ग्रॅम हे दोन आकडे मी पक्के ठेवते, आणि २५ ते ३० सेकंदांत ते साधावे यासाठी फक्त दळण बदलते. दाबण्यापूर्वी बुचात खोचलेल्या चार बारीक सुयांनी पूड तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडते, कारण गुठळ्यांच्या कडेने पाणी वाट काढते. तळ नसलेल्या पोर्टाफिल्टरमधून (बास्केट बसवायच्या दांड्यातून) उडालेल्या पिचकाऱ्यांचे डाग माझ्या एका पांढऱ्या कुर्त्यावर अजून आहेत. टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, किती जोरात दाबला यापेक्षा तो सपाट बसला की नाही, हेच मी पाहते.

सध्या पीबेरीचा, म्हणजे फळात जोडीऐवजी एकच गोल दाणा असलेल्या कॉफीचा, पहिला घाणा डब्यात मुरतो आहे. गोल दाणे कढईत छान घरंगळतात, त्यामुळे रंग बराच एकसारखा आला. २०० चे १७१ ग्रॅम भरले. डबा गुरुवारी उघडायचा आहे.