आमची वाटचाल : भोकापासून पडद्यापर्यंत

साध्या गोळ्या करण्यात आमचा हात बसला होता, म्हणून ऑस्मोटिक गोळीचं काम अंगावर घेतलं. गोळीवर सेल्युलोज ॲसिटेटचा (फक्त पाणी आत घेणाऱ्या पदार्थाचा) पडदा चढवायचा, लेसरनं भोक पाडायचं, झालं! तत्त्व शाळेतलंच. पाण्यात टाकलेला मनुका फुगतो तसं पडद्यातून पाणी आत येतं, दाब वाढतो आणि औषध भोकातून सावकाश, एकाच वेगानं बाहेर पडतं. संशोधक फेलिक्स थिउवेस यांनी १९७५ मध्ये याचं साधं रूप मांडलं होतं. आम्हाला वाटलं, आता अवघड काय राहिलंय?

पहिल्या ट्रायलला बारा तास चालायची गोळी दुसऱ्याच तासाला कडेला उकलली. डिझोल्यूशनच्या, म्हणजे औषध किती वेगानं बाहेर पडतं ते तपासायच्या भांड्यात एका बाजूनं पांढरा ढग उठलेला आम्ही सगळे वाकून बघत होतो. दोष लेसरवर ढकलला आणि पंधरा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली भोकं मोजत बसलो. फुकटची मेहनत. भोक फार बारीक असेल तर गोळी फुटते, फार मोठं असेल तर औषध नुसतं झिरपून जातं. पण मधल्या मापांत फारसा फरक पडत नाही. वेग ठरतो पडद्याच्या जाडीवर, आणि पडदा चढवायच्या फिरत्या पॅनमध्ये गोळ्या जास्त भरल्यामुळे आमचा पडदा कडांवर पातळ पडत होता.

ते सुधारलं, तर महिन्याभरानं त्याच बॅचचा वेग बदललेला! पडद्याचा पदार्थ ज्यात विरघळवून गोळीवर फवारतो, ते ॲसिटोन पडद्यात राहून गेलं होतं. तेव्हापासून गोळ्या ओव्हनमध्ये पुरत्या वाळल्याशिवाय तपासणीला जात नाहीत, कितीही घाई असो.

पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी दोन थरांची गोळी केली. खालचा पॉलिथिलीन ऑक्साइडचा थर फुगून औषधाला वर ढकलतो. भोक औषधाच्याच बाजूला पडावं म्हणून या थराला लाल रंग देतात. एकदा हा रंग ओळखणाऱ्या सेन्सरची काच धुळकट राहिली आणि अर्ध्या गोळ्यांना उलट्या बाजूनं भोकं पडली. अख्खी बॅच टाकून दिली.

मग तक्रार आली : "गोळी जशीच्या तशी शौचावाटे पडली." ते रिकामं टरफल असतं, औषध केव्हाच निघून गेलेलं असतं. ही ओळ आता आम्ही माहितीपत्रकात ठळक छापतो, 'चावू नका, तोडू नका'च्या शेजारीच.

सध्या पडद्यातच विरघळणारा पदार्थ मिसळून बघतोय. तो विरघळला की छिद्रं आपोआप तयार होतात, लेसर लागतच नाही. आमच्या लेसरचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.