साडेसहाचा गजर

‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे’ ही ओळ मला लहानपणापासून पाठ आहे, आणि त्या तिघांपैकी जे थोडेफार मला भेटले ते मी उशिरा उठूनही भेटले. रात्री अकरानंतर माझे डोके चालू लागते; पहाटे पाचला मात्र कोणी हाक मारली, तर ती आपल्यालाच आहे हे कळायलाही वेळ लागतो. ही सवय मोडायचीच, असे ठरवून मी मध्यंतरी गजराचे घड्याळ उशापासून दूर, समोरच्या कपाटावर ठेवले. पहिला आठवडाभर मी रोज उठून तिथवर गेलो, गजर बंद केला आणि परत येऊन झोपलो. यातले मला सकाळी काही आठवत नसे; वाटेत लाथाडलेली चप्पल तेवढी साक्षीला असे.

इच्छाशक्ती कमी पडते, असे घरच्यांचे निदान होते. ते मला फारसे पटले नाही, कारण इच्छाशक्तीची याहून कडक परीक्षा झालेली आहे. निद्रासंशोधक नॅथॅनियल क्लाइटमन १९३८ साली ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. जिथे सूर्यच दिसत नाही, तिथे २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, हे त्यांना पाहायचे होते. विशीतला शिष्य त्या वेळापत्रकात रुळला. चाळिशी ओलांडलेल्या गुरूंच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्याच ठेक्यावर चढत-उतरत राहिले. माझी सहानुभूती अर्थातच गुरूंकडे आहे.

हा ठेका धरणारा सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असतो. त्याचा स्वतःचा दिवस बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांहून काही मिनिटांनी मोठा असतो, आणि तो रोज मुख्यतः उजेडाने जुळवून घेतला जातो. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे ओढतो, तर रात्रीचा पलीकडे ढकलतो. म्हणजे पहाटे गजर लावून मी जे अलीकडे ओढू पाहत होतो, ते रात्री टेबलावरच्या दिव्याखाली बसून स्वतःच पलीकडे ढकलत होतो.

मग गजराशी झुंजणे सोडले. संध्याकाळनंतर दिवे मंद केले, पडदा रात्रीच सारून ठेवला आणि उठण्याची वेळ दर चार-पाच दिवसांनी पाव तासाने मागे आणली. साडेसहापर्यंत गाडी विनातक्रार आली; त्यापुढे हलेना. लवकर की उशिरा, हा कल काही अंशी जनुकांतूनच येतो आणि वयाबरोबर आपोआप बदलतो: किशोरवयात तो उशिराकडे झुकतो, उतारवयात पहाटेकडे. पाचच्या गजरासाठी मी आता त्या उतारवयावर विसंबून आहे. घड्याळ अजून कपाटावरच आहे, आणि दोन रविवार सलग लोळत काढले की सगळी मोजदाद पुन्हा साडेसातपासून सुरू करावी लागते.