आईचे तास

बाबा अंथरुणाला खिळले, त्यानंतरची तीन वर्षं त्यांचं सगळं आईने केलं. ती गेल्यावर आम्ही दोन मदतनीस ठेवल्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. घरखर्चाची वही मी लिहिते. त्या वर्षी घरातला माणशी खर्च जवळजवळ दीडपट झाला. बाबांना मात्र मिळत होतं ते तेच: अंगपुसणी, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलून देणं.

मी अर्थशास्त्र शिकवते. दरडोई उपभोग खर्चाचा चढता आलेख आजवर कितीदा फळ्यावर काढला असेन. सगळ्या कुटुंबांचा वर्षाचा खर्च भागिले लोकसंख्या, त्यात तान्हं बाळही एक. महागाई वजा करून, स्थिर किमतींनाच तो बघायचा, हे मी मुलांकडून घोटून घेते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियमही सांगते: उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. हा वाटा मला नुसत्या सरासरीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

पण आता त्या आलेखापाशी मी अडते. स्वतःच्या घरात राहणारा कुणालाच भाडं देत नाही, तरी राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या हिशेबात, त्या घराचं भाडं अंदाजाने काढून उपभोगात धरतात. ते रास्तच आहे. नाहीतर भाडेकरू जास्त असलेला देश उगाच जास्त खर्च करणारा दिसला असता. मग हाच न्याय आईच्या कामाला का नाही? हा हिशेब कसा मांडायचा ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या, २००८ च्या आवृत्तीतही घरच्या माणसांनी घरच्यांसाठी विनामोबदला केलेली सेवा हिशेबाबाहेरच आहे. पगारी मदतनीस आली की तीच सेवा हिशेबात येते. म्हणजे बायका नोकरीला लागतात, घरातली सेवाशुश्रूषा विकत घेतली जाते, तेव्हा आलेख जितका चढतो त्यातला काही भाग म्हणजे त्याच कामाचं घरातून बाजारात झालेलं नुसतं स्थलांतर असतं. काही देश वेळवापर पाहण्यांवरून, म्हणजे माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याच्या नोंदींवरून, या कामाचं वेगळं पूरक लेखं मांडतात. मुख्य आकडा मात्र तसाच राहतो.

परवा त्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. डॉक्टरांची फी, औषधं, वीज. आईचं काहीच नाही. आठवेल तसे समासात पेन्सिलीने तास लिहायला घेतलेत. रात्रीचं दोनदा उठणं धरून दिवसाचे अकरा होतात. पहिल्या वहीचा मार्च झालाय.