'फुल एसी' हाऊसबोट

नेत्रावती एक्स्प्रेसची तिकिटं मिळाली, मुलांची सुट्टी नवऱ्याच्या रजेशी जुळली, सगळं आठवड्याभरात झालं. घोडं अडलं ते केरळातल्या अलेप्पीच्या हाऊसबोटीपाशी, तेही 'एसी' या दोन अक्षरांवर.

आम्ही सहाजण, मे महिना, सोबत सासूबाई. एजंटला फोनवर चार वेळा विचारलं, "एसी आहे ना?" चारही वेळा उत्तर तेच: "येस मॅडम, फुल एसी." फोटोत चकचकीत बोट, पलंगावर टॉवेलचे हंस. पाच हजार ॲडव्हान्स पाठवला. पावती आली, तर तळाशी बारीक अक्षरांत: एसी रात्री ९ ते सकाळी ६.

फोन केला. "मॅडम, डीलक्समध्ये असंच असतं."

"मग फुल काय?"

"फुल नाइट, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. पण तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याचं चुकत नव्हतं. अलेप्पीत डीलक्स म्हणजे बहुधा रात्रीपुरता एसी. दिवसा हवा तर प्रीमियम किंवा लक्झरी. नावावर मात्र जाऊ नका. एसी किती ते किती, फक्त बेडरूममध्ये की जेवायच्या जागेतही, हे पैसे पाठवायच्या आधी लिहून घ्या. मी नंतर मागितलं आणि शेवटी बुकिंग रद्द केलं. ॲडव्हान्स परत मिळायला बारा दिवस लागले. "सर आउट ऑफ स्टेशन" हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. पाचशे कापलेच.

मग ठरवलं, बोट डोळ्यांनी बघूनच घ्यायची. आदल्या रात्री अलेप्पीत मुक्काम केला आणि सकाळी साडेदहाला पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंट जेट्टीवर. (नेहरू ट्रॉफीच्या सर्पनौका तिथेच शर्यत संपवतात, म्हणून हे नाव.) ही वेळ लक्षात ठेवा. नऊच्या सुमारास जुने पाहुणे उतरतात, नवे बाराला चढतात, मधे साफसफाई चालते आणि बोटवाले आत बघू देतात. सुट्टीच्या गर्दीत बोट मिळेल का, ही धाकधूक होतीच, पण मिळाली. पहिल्या बोटीचा वरचा डेक झकास, पण जिना म्हणजे माळ्याची शिडी. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसरीचं बाथरूम बघून त्या न बोलता बाहेर आल्या. तिसरी एकमजली, तीन बेडरूमची, दिवसभर एसीवाली. नणंद फळ्यांमधला काथ्या चाचपत बसली. हाऊसबोटीचं तिथलं नाव केट्टुवल्लम, म्हणजे बांधलेली नाव; जुन्या पद्धतीत फळ्या खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवतात. मला त्या क्षणी फक्त एसीचा रिमोट हवा होता.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. पैसे एकवीस तासांचे असले तरी बोट साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात, कारण नंतर मच्छीमारांची जाळी पडतात. शिवाय मोठी बोट अरुंद कालव्यांत शिरत नाही. ते बघायचे तर शिकारा वेगळा घ्यावा लागतो. नवऱ्याचं अजून म्हणणं आहे की दिवसा शिकारा आणि रात्री हॉटेल एवढं पुरलं असतं.

जनरेटर कुठे बसवलाय तेही बघून ठेवा. दिवसा एसी म्हणजे दिवसभर जनरेटर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचा नेमका सासूबाईंच्या खोलीमागे. वेंबनाड तलावात शिरून अर्धा तास झाला नसेल, तोच त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "ती घरघर आधी बंद करायला सांग गं. वारा काय सुंदर येतोय."

दुपारी दोनला एसी बंद.