शेवटचा मैल अनवाणी

आमचं घर फलटणचं. माउलींची पालखी मुक्कामाला येते त्या दिवशी पहाटेपासून अंगणात दोन चुली पेटलेल्या असतात. एकीवर पिठलं आणि दुसरीवर नुसतं पाणी. ते पाणी वारकऱ्यांच्या पायांसाठी. कोमट पाणी, मूठभर मीठ, मग तळव्यांना खोबरेल. हे काम सासूबाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही.

यंदा त्या आमच्याकडे इंग्लंडमध्ये नॉरिचला आल्या होत्या आणि जूनचा शेवट आला तशा अस्वस्थ झाल्या. खिडकीत बसायच्या, फोनवर पालखीचे व्हिडिओ बघायच्या. "पुण्यातनं निघाली," "दिवेघाट चढली," एवढंच बोलायच्या. मग एका रात्री मी म्हटलं, "आई, इथंही एक वारी आहे. हजार वर्षांची म्हणतात. शेवटचा मैल अनवाणी चालायचा. चलायचं का?"

"कुणाची?"

"मरियमची, येशूच्या आईची. आईचीच म्हणा ना."

त्यांनी फोन बाजूला ठेवला.

गावाचं नाव लिटल वॉल्सिंगम. नॉरफोक परगण्याच्या उत्तरेला, समुद्रापासून थोडं आत, वस्ती जेमतेम आठशेच्या घरात. शेजारी ग्रेट वॉल्सिंगम आहे, पण मोठं नाव असलेलं ते गाव धाकट्यापेक्षा लहान आहे. धाकटं वाढलं ते यात्रेवर. परंपरा सांगते की 1061 मध्ये रिचेल्डिस नावाच्या इथल्या जमीनदारीणबाईंना मरियमचा दृष्टांत झाला: नाझरेथमधलं माझं घर इथं बांध. इतिहासकार हा काळ पुढच्या शतकात ओढतात. आईंना त्या वादात रस नव्हता. "घर बांधायला सांगितलं, देऊळ नाही," एवढं त्यांनी अचूक उचललं. ते लाकडी घर होतंही छोटंच, साधारण 23 फूट लांब आणि 13 फूट रुंद. आपल्याकडच्या माजघराएवढं. त्याच्या भोवती पुढं ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मोठा मठ उभा राहिला आणि इंग्लंडभरच्या वाटा इकडे वळल्या. आकाशगंगेलासुद्धा इथले लोक ‘वॉल्सिंगमची वाट’ म्हणत, कारण ती यात्रेकरूंना रस्ता दाखवते असं मानत.

फेकनम गावापासून आम्ही चालायला लागलो. साधारण पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. आईंनी नऊवारी नेसली होती आणि पायांत माझे बूट होते. दोन्ही बाजूंना बार्लीची शेतं, मध्ये अरुंद रस्ता, गाडी आली की कुंपणाच्या झुडपांत शिरायचं. ना टाळ, ना मृदंग. पहिला मैल मला ती शांतता फार टोचली. मग आईंनी हळू आवाजात हरिपाठ सुरू केला आणि पावलं एका लयीत पडायला लागली.

ईस्ट बार्शम गावात तांबड्या विटांचा एक जुना वाडा लागतो, नक्षीदार धुराड्यांचा. आठवा हेन्री राजा बार्शमपासून वॉल्सिंगमपर्यंत अनवाणी चालत गेला, अशी इथली आठवण आहे. साल 1511. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याला मुलगा झाला होता आणि तो मरियमचे आभार मानायला आला. ते बाळ जेमतेम सात आठवडे जगलं. दोन वर्षांनी त्याची राणी, कॅथरिन, स्कॉटलंडवरच्या विजयानंतर राजाला पत्रात लिहिते की वॉल्सिंगमच्या माउलीला मी फार दिवसांपूर्वी बोलले होते, आता तिच्या दर्शनाला निघते. नवस बोलायचा आणि फेडायला यायचं. हे सांगितल्यावर आई वाड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाळ गेलं आणि तरी ती आली."

हॉटन सेंट जाइल्सला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. तिथं शेतांच्या कडेला एक इवलंसं दगडी प्रार्थनाघर आहे. त्याचं नाव ‘स्लिपर चॅपल’, म्हणजे पादत्राणांचं. 1340 मध्ये बांधलेलं. यात्रेकरू इथं थांबायचे, पायातलं काढायचे आणि उरलेला मैल अनवाणी जायचे. त्या मैलाला आजही ‘पवित्र मैल’ म्हणतात. आत मेणबत्त्यांचा वास, दहा-बारा माणसं बसली की भरेल एवढी जागा, आणि समोर सिंहासनावर बसलेली मरियम, मांडीवर बाळ, हातात लिलीचं फूल. आईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून नमस्कार केला.

बाहेर बाकावर बसून मी त्यांना पुढचं सांगितलं. ज्या राजानं इथं येऊन गुडघे टेकले त्याच्याच हुकमानं 1538 मध्ये हे सगळं बंद झालं. मठ पाडला, माउलीची मूर्ती लंडनला नेऊन जाळली. त्याच्या आदल्या वर्षी गावातल्या काही लोकांनी विरोधाची जुळवाजुळव केली होती. ती फुटली आणि अकरा जणांना देहदंड झाला. मठाचे उपप्रमुख निकोलस माइलम यांना तर इथं वॉल्सिंगममध्येच. ही पादत्राणांची जागा पुढं कधी गरिबांचं घर झाली, कधी लोहाराचा भाता, कधी गुरांचा गोठा.

"परत कधी सुरू झाली?"

"1897 ला."

आईंनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तीनशे एकोणसाठ वर्षं. मग त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "कोरोनात दोन वर्षं पादुका एसटीतनं गेल्या. अंगणातली चूल पेटली नाही. मला घास जात नव्हता. आणि ह्यांच्या दहा-बारा पिढ्या अशाच गेल्या?"

गेल्या. आणि तरी नाव राहिलं. गोठा झाला तरी लोकांना ठाऊक होतं की ही पादत्राणांची जागा. 1896 मध्ये शार्लट बॉइड नावाच्या बाईंनी ती पडकी वास्तू विकत घेतली, दुरुस्त केली, आणि पुढच्या वर्षी 20 ऑगस्टला मोजक्या माणसांची पहिली दिंडी तिथवर चालत आली. 1934 मध्ये एका दिवशी दहा हजारांवर लोक आले. आज दर जुलैत तमिळ ख्रिस्ती इथं हजारोंनी येतात, बहुतेक श्रीलंकेतून आलेली कुटुंबं, आणि त्यांच्यात हिंदूही असतात. केरळचे लोकही आपली वेगळी यात्रा घेऊन येतात. आई हे ऐकून एकदम खुलल्या. "मग आपण काय परके नाही."

बूट काढून पिशवीत टाकले. डांबर कोवळ्या उन्हात कोमट होतं, ते बरं वाटलं. पण कडेला आलं की गारगोटी. नॉरफोकमध्ये बांधकामाचा दगड फारसा मिळत नाही, मिळते ती ही चकमकीची गारगोटी; घरं, चर्च, कुंपणं बरीचशी तिचीच. फोडली की आत काळी काचेसारखी चमकते आणि धार ब्लेडची. तसा एक कपचा माझ्या टाचेत घुसला. आईंनी मला बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नखानं तो कपचा काढला. बाटलीतलं पाणी ओतलं. पदरानं पुसलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझा पाय त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. मला अवघडल्यासारखं झालं. त्या मात्र सवयीच्या हातानं काम करत होत्या, वारकऱ्याचं करतात तसं.

गावात शिरताना रस्ता अरुंद होतो. लाकडी चौकटींची जुनी घरं, वरचा मजला रस्त्यावर पुढं आलेला. यातली कितीतरी घरं एके काळी धर्मशाळा आणि खाणावळी होती. चौकात सोळाव्या शतकातलं अष्टकोनी पाणीघर आहे, त्याच्या माथ्यावर आगटी पेटवायची लोखंडी जाळी. समोरच्या जुन्या कचेरीत आता संग्रहालय आहे. तिथूनच तिकीट काढून मठाच्या आवारात जायचं.

मी आधी एकदा फेब्रुवारीत तिथं गेले होते, झाडांखाली पांढऱ्या स्नोड्रॉप फुलांचा सडा बघायला. या वेळी नुसतं हिरवं गवत आणि त्यात मठाच्या पूर्वेकडच्या भव्य खिडकीची उभी कमान. भिंत नाही, छत नाही, काच नाही. कमानीतून आभाळ दिसतं. हिरवळीत एका ठिकाणी फलक आहे: इथं ते घर होतं. 1961 च्या उत्खननात ती जागा सापडली आणि जळाल्याची राखही. आई अनवाणीच होत्या. फलकाच्या अलीकडे थांबल्या, जागेवर पाय ठेवला नाही.

पलीकडच्या रस्त्यावर नवं घर आहे. 1921 मध्ये गावात आलेल्या होप पॅटन या पाद्रींनी आधी गावच्या चर्चमध्ये मूर्ती बसवली आणि 1931 मध्ये त्याच जुन्या मापाच्या धर्तीवर हे घर बांधून तिथं मिरवत नेली. भिंतींत ठिकठिकाणच्या मोडलेल्या मठांचे दगड बसवलेत. पाया खणताना जुनी विहीर लागली. तिचं पाणी भाविकांना देतात: आधी घोटभर प्यायला, मग कपाळावर क्रूसाची खूण, मग दोन्ही ओंजळींत. आईंनी उजव्या हाताखाली डावा हात धरून तीर्थ घेतलं. उरलेलं डोळ्यांना लावलं.

परतीच्या बसची वेळ होत आली होती. गावचं चर्च 1961 मध्ये जळालं आणि पुन्हा बांधलं, ते बाहेरूनच बघितलं. रेल्वे 1964 ला बंद झाल्यावर जुन्या स्टेशनात ऑर्थोडॉक्स पंथाचं प्रार्थनाघर झालंय, तिथवर काही जाणं झालं नाही.

थांब्यावर उभं असताना आईंनी फलटणला फोन लावला. पालखी त्याच संध्याकाळी पोचायची होती. पलीकडे जाऊबाई होत्या, मागं टाळांचा आवाज, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. आईंनी कुठं गेलो, काय बघितलं, काहीच सांगितलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "पायांचं पाणी ठेवलंस का गं? आणि मीठ जरा सढळ हातानं टाक."